काचेमागची कहकशां

फुलसावंगीच्या बाजारलायनीत वाहिदभाई फ्रेमवाल्यांचं दुकान अडतीस वर्षांपासून आहे, आणि अडतीस वर्षांपासून त्यांची बढाईही एकच आहे. "माही फ्रेम फुटन, पण उघडणार नाई." गिऱ्हाईक बिचारं नुसतं फोटो हातात देऊन 'जरा चांगली करा हो' एवढंच म्हणायचं, की झालं! मग उभ्या उभ्या सगळी पोथी ऐकावी लागायची. मैद्याची खळ कशी शिजवायची, किडा लागू नये म्हणून त्यात मोरचूद किती टाकायचं, फोटो पुठ्ठ्यावर कसा चोपायचा आणि वरून दोन एमएमची काच अशी कशी दाबायची, की फोटोत अन् काचेत हवा म्हणून राहू नये. मागून खाकी कागद, त्यावर पुन्हा खळ. मुंगीची काय बिशाद आत जायची!

गावात असं घर दाखवा, ज्याच्या भिंतीवर वाहिदभाईंच्या हातचा आजोबा नाही. लग्नाचे जोड म्हणू नका, देव म्हणू नका, गेलेली माणसं म्हणू नका. सगळ्यांना त्यांनी काचेत बसवून दिलं. माणूस कामाला चोख होता, फक्त तोंडाचा फटकळ. "वाकडी लागली का फ्रेम? मंग तुही भिंत वाकडी असन," असं ते गिऱ्हाइकालाच ऐकवायचे.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र भिंतीवर एक फोटो नव्हता. ज्या घरात नमाज होते तिथं भिंतीला फोटो नको, असं त्यांच्या वालिदांनी घालून दिलेलं आणि यांनी ते पाळलेलं. फोटो एकच होता. तो आतल्या खोलीत, लोखंडी पेटीत, बायकोच्या, जैबुनबीच्या हिरव्या ओढणीत गुंडाळलेला. त्यांच्या थोरल्या पोरीचा, कहकशांचा.

नऊ वर्षांची होती. ईदच्या दुसऱ्या दिवशी वाहिदभाई तिला एसटीत बसवून पुसदला स्टुडिओत घेऊन गेले होते. रंगवलेल्या धबधब्यासमोर गुलाबी फ्रॉक घालून ती उभी, पायापासून डोक्यापर्यंत अख्खी. फोटो पोस्टकार्डाएवढा, त्यात पोरीचं तोंड चिंचोक्याएवढं. त्यानंतर आठव्या दिवशी ताप डोक्यात जाऊन ती गेली. सव्वीस वर्षं झाली. नौशाद, तिचा भाऊ, तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला ती आठवतसुद्धा नाही.

"हसून राह्यलती ते," वाहिदभाई सांगायचे. "मी कॅमेऱ्याच्या बाजूले उभा होतो ना! हस बेटा, हस म्हटलं, तशी हसली." ते असं सांगायचे तेव्हा जैबुनबी उठून चुलीकडं जायची.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर वाहिदभाईंनी तो फोटो बसवला. जिंदगीतली सगळ्यात घट्ट फ्रेम. दुसऱ्याचा फोटो चोपला की खळ वाळायला ते दिवसभर थांबत, तोवर गिऱ्हाईक ओरडो की बोंबलो. या फोटोला थांबणं त्यांच्यानं झालं नाही. ओल्या खळीवरच काच दाबली, खिळे मारले, मागून बंद केलं. ओल आतच राहिली. वर सव्वीस पावसाळे पेटीत. फोटो काचेला चिकटून बसला. कडेकडेनं तो ओला दिसायचा, जसं काचेआड कोणी श्वास सोडून राहिलं आहे.

हे त्यांना पुष्कळ वर्षांपासून माहीत होतं. बोलले कुणाजवळ नाहीत.

आता जैबुनबीच्या डोळ्यांचं. साखर तिला जुनी. उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी डाव्यात इंजेक्शनं दिली, पण या खेपेस त्यांनी सुनेला बाजूला न घेता सरळ सगळ्यांसमोर सांगितलं, "पडदा फार नाजूक झालाय. आत कधीही रक्त उतरू शकतं. महिना जाईल, वर्ष जाईल, मी सांगू शकत नाही."

जैबुनबी घरात पाय टाकल्याबरोबर म्हणाली, "अजी, ते पेटी खोला."

वाहिदभाईंनी ओढणी सोडून फ्रेम तिच्या हातात दिली. तिनं ती खिडकीपाशी नेली, डोळ्याला लावली, लांब धरली, तिरपी धरली.

"फ्रॉक दिसून राह्यला. तोंड नाई दिसत."

"लहानच हाय ना ते."

"मंग मोठं करा. अडतीस वर्षं लोकायचे फोटो केले, माह्या पोरीचं तोंड मोठं करून मले एक बार दाखवा. डोळा हाय तवरक. बाकी मले काईच नोको."

बस, एवढंच तिचं मागणं. सोनं नाही मागितलं, हजला न्या म्हणाली नाही. आणि वाहिदभाईंना वाटलं, हात्तिच्या, हे काय अवघड आहे!

आधी मोबाइल झाला. सून नुजहत शिकलेली, यवतमाळची, घरात लॅपटॉप तिचाच. तिनं वरून फोटो काढला तर काचेत ट्यूबलाइट. ट्यूबलाइट बंद केली तर खिडकी. खिडकीला चादर लावली तर पोरीच्या तोंडावर वाहिदभाईंची दाढी, कारण ते वाकून पाहत होते. "तुमी जरा बाजूले व्हा ना, अब्बा!" ते बाजूला झाले. मग सगळंच काळं आलं.

"याले स्कॅनर पायजे, अब्बा," नुजहत म्हणाली. "काचेवर पालथा ठेवायचा, आतून लाइट फिरते. मंग टीव्हीवर जेवढं मोठं पायजे तेवढं."

"मंग आणतो ना! कुठी भेटते?"

"फोटो घेऊन पुसदले जा. ते दुकानातच करून देतात."

इथं जैबुनबी आडवी आली. फ्रेम छातीशी धरून म्हणाली, "हे घराबाहेर नाई जाणार. एक बार तिले घेऊन गेलते तुमी पुसदले." आणि तिनं फ्रेम परत ओढणीत गुंडाळली. मशीनच घरी आणायचं ठरलं.

पुसदच्या दुकानात रजत नावाचा चुणचुणीत माणूस होता. कंप्युटर, प्रिंटर, सगळं विकायचा. त्यानं दोन स्कॅनर टेबलावर मांडले. एक पातळ, वहीएवढं, एका वायरीवर चालणारं, नवं कोरं. दुसरं जाडजूड, जुनं, कोपरे घासलेलं, उचलायला दोन हात लागावेत असं.

"चाचा, आजकाल सगळे हेच नेतात," पातळ मशीनवर हात ठेवून रजत म्हणाला. "ते ठोकळं जुन्या जमान्याचं. गरम व्हायलेच वेळ लागते त्याले. तसं खोलवर पाह्यते म्हणा ते, पण तुमाले फोटोच करायचे ना?"

'खोलवर पाह्यते' हे शब्द वाहिदभाईंच्या कानावरून गेले. आत शिरले नाहीत. ते तेव्हा पातळ मशीनची काच पाहत होते. बोटाच्या पेरानं त्यांनी ती ठोकून पाहिली, कड पाहिली, गोणपाटावर मेथीची जुडी पारखावी तशी पारखली. रजतनं आपल्या लहानपणचा एक सुटा फोटो त्यावर पालथा घातला. मिनिटात पडद्यावर रजत उतरला, नाकातल्या शेंबडासकट.

"अरे वा रे वा!" वाहिदभाई म्हणाले. "हेच द्या."

काचेत चिकटलेल्या फोटोबद्दल ते काही बोलले नाहीत. का नाही बोलले? आता त्यांना कितीही विचारा, ते सांगणार नाहीत, पण मी सांगतो. लाज वाटली. स्वतःच्या हातची फ्रेम, फोटो आतून चिकटला, हे परक्या दुकानात कोणत्या तोंडानं सांगायचं? 'काचेतून येईल का' एवढं एक वाक्य. तेवढं राहून गेलं.

घरी आल्यावर त्यांनी स्वतः फ्रेमची पट्टी काढली. आपलीच फ्रेम उघडायची ही त्यांची पहिली वेळ, आणि खिळे खरंच निघता निघेनात. पट्टी निघाली. राहिली नुसती काच, तिला चिकटलेला फोटो, मागे पुठ्ठा. नुजहतनं ते पालथं ठेवलं. लाइट फिरली. लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडलेली होती, जैबुनबी टीव्हीपासून हातभर अंतरावर वेताच्या मोढ्यावर बसलेली.

टीव्हीवर गुलाबी धुकं आलं.

"फिरून कर," वाहिदभाई म्हणाले.

फिरून केलं. आकडे वाढवून केलं. वर पुस्तकं ठेवून, दाबून केलं. तेच. गुलाबी धुक्यावर एक काळा ठिपका, ते केस. त्याखाली एक फिका ठिपका, ते तोंड.

"नाई दिसत, बाई," जैबुनबी म्हणाली. "माह्या डोळ्याचंच असन." नुजहतला तिकडं पाहवेना.

नुजहतनं रजतला फोन लावला, फोनचा आवाज मोठा केला. "काचेतून? बाप्पा!" तो म्हणाला. "मॅडम, हे पातळं मशीन टेकलेलं तेवढंच पाह्यते. दोन एमएम वर उचललं का आंधळं झालं. फोटो काचेतून काढा ना बाहेर, काय मोठं काम हाय?"

दोन एमएम! जिंदगीभर हिरकणीनं जी काच कापली, जी डोळे मिटूनही बोटांनी ओळखतील, तीच आडवी आली.

काय मोठं काम हाय, म्हणे. वाहिदभाईंना विचारा ना काय काम आहे ते. सहा वर्षांपूर्वी किसनराव पाटील आपल्या बापाचा, दुसरीकडं बसवलेला फोटो घेऊन आले होते, काच तडकली म्हणून. वाहिदभाईंनी काच उचलली, तर किसनरावांच्या बापाचं नाक, मिशा, सगळं काचेबरोबर वर आलं. पुठ्ठ्यावर फेटा आणि शर्ट राहिला. किसनराव भला माणूस, एक शब्द बोलला नाही. फोटो आणि काच दोन्ही रुमालात बांधून घेऊन गेला, आणि पुन्हा या दुकानाची पायरी चढला नाही. रस्त्यात भेटतो, रामराम घालतो, पण दुकानात येत नाही.

दुसऱ्या दिवशी वाहिदभाई आतल्या खोलीत पातळ पातं घेऊन बसले. काचेच्या कोपऱ्यात, धबधब्याच्या वरच्या टोकाशी, पात्याचं टोक घातलं. एवढुसा निळा कपचा काचेला चिकटून वर आला. त्यांनी पातं ठेवून दिलं. परत उचललं. परत ठेवलं. अडतीस वर्षं काच कापलेले हात, एका कपच्यापुढं अडले.

"काढून राह्यले का?" बाहेरून जैबुनबीनं विचारलं.

"पाहून राह्यलो."

"फाडसान बरं. नोका काढू."

"मंग काय करू? सांग ना, काय करू मी?" ते ओरडलेच. मग खोलीतून बाहेर आले नाहीत, जेवायलासुद्धा.

तेव्हा कुठं रजतचे ते शब्द कानातून आत शिरले. ठोकळं खोलवर पाह्यते. वाहिदभाईंनी स्वतः फोन लावला आणि जे आधी सांगायचं होतं ते सगळं सांगितलं, खळ ओली होती इथपासून. पलीकडून रजत मग म्हणाला, "चाचा, काचेवरून मोठं करायले तेच मशीन पायजे होतं. पहिल्यांदीच बोलले असते तर! आता ते मी उमरखेडच्या फोटोवाल्याले नेऊ देल्लं. सोमवारी आणून देतो म्हणला."

सोमवारी ते आलं नाही. मंगळवारी वाहिदभाई स्वतःच उमरखेडला गेले. फोटोवाला बाबुलाल लग्नाच्या शूटिंगला बाहेरगावी, दुकानाला कुलूप. कुलपासमोरच्या पायरीवर ते दुपारभर बसले. कोणी विचारलं तर सांगायचे, "फोटो काढायचा हाय." लोक त्यांच्या घामेजल्या दाढीकडं पाहून पुढं जायचे. चार वाजता नौशादचा फोन आला. नौशाद राजूरला, खाणीवरच्या गाड्यांची दुरुस्ती करतो. त्याला नुजहतनं आधी कळवलं होतं.

"अब्बा, घरी जा. अम्मीच्या डोळ्यात रक्त उतरलं."

सकाळी तांदूळ निवडता निवडता जैबुनबी म्हणाली होती म्हणे, सुपात कोणी लाल ओढणी टाकली? मग ओढणी काळी झाली. मग काहीच राहिलं नाही. नुजहत तिला नांदेडला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि ऑपरेशनची तारीख दिली. दिसेल का विचारलं, तर 'आधी ऑपरेशन होऊ द्या' म्हणाल्या.

बुधवारी बाबुलाल स्वतः ते जाड मशीन गाडीला बांधून फुलसावंगीत घेऊन आला. माणूस ओशाळला होता. "मले काय मालूम, चाचा! कोणी सांगतलं असतं तर रातोरात आणलं असतं." त्याचंही खरंच होतं.

"आता कायले करता, अब्बा?" नुजहत हळूच म्हणाली.

"लाव," वाहिदभाई म्हणाले.

मशीन रजत म्हणाला तसं हळूहळू गरम झालं. टीव्ही सकाळपासून चालूच होता, जैबुनबीला आवाज तरी असावा म्हणून. ती त्याच मोढ्यावर, हातभर अंतरावर. नुजहतनं काच पालथी ठेवली. लाइट निघाली आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली.

आणि कहकशां टीव्हीवर आली.

कडेला चिकटल्याचे चट्टे होते, धबधब्याचा कोपरा तुटलेला होता, पण तोंडाला धक्का नव्हता. नुजहतनं मोठं केलं, आणखी मोठं केलं. पडदाभर एक नऊ वर्षांची पोरगी. भुवईजवळचा तीळ. कानातल्या रिंगा. सव्वीस वर्षं चिंचोक्याएवढं असलेलं तोंड आता थाळीहून मोठं झालं होतं.

वाहिदभाई पुढं सरकले आणि तिथंच थांबले.

पोरगी हसत नव्हती. ओठ ताणलेले होते, सांगितलं म्हणून ताणलेले, आणि सुकून पांढरे पडलेले. डोळे अर्धे मिटलेले. कपाळावर केस घामानं चिकटलेले. नजर कॅमेऱ्यात नव्हती. कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडं होती.

नुजहतनं एकदा टीव्हीकडं पाहिलं, एकदा सासऱ्याकडं, आणि ती चहा ठेवायला म्हणून आत निघून गेली.

"आली का?" जैबुनबीनं विचारलं.

"आली."

"साफ आली?"

"लय साफ आली."

"मंग सांगा ना. मले काय दिसते आता! तुमीच सांगा, कशी दिसते?"

वाहिदभाई सांगू लागले. "फ्रॉक गुलाबी हाय. कानात रिंगा हायत, तुह्या मायनं देल्लेल्या. तो भुवईवरचा तीळसुद्धा दिसून राह्यला." ते थांबले. "अन् हसून राह्यली. चांगली हसून राह्यली."

जैबुनबी मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हसत नसन ते. अंग तापलं होतं तिचं त्या दिवशी. मी दारात म्हटलंतं तुमाले, आज नोका नेऊ, कपाळ गरम हाय. तुमी म्हटलं, ईदचे कपडे मळतीन मंग."

वाहिदभाईंना दार आठवलं. दारातली जैबुन आठवली, तिच्या कडेवरचा नौशाद आठवला, एसटीचा हॉर्न आठवला. तिचे शब्द सव्वीस वर्षांत एकदाही आठवले नव्हते. आता आठवले, जसेच्या तसे.

"आजवर बोलली काहून नाईस?"

"बोलून काय झालं असतं? तुमी तसेच अर्धे मेलते." तिनं पदरानं डोळे पुसले, ज्या डोळ्यांचा आता काही उपयोग नव्हता. "मले फक्त एवढंच पाहायचं होतं, का तिले तेव्हा लय तरास होऊन राह्यलता का. लहान फोटोत समजतच नोहतं. सांगा ना, होऊन राह्यलता का?"

वाहिदभाईंनी टीव्हीकडं पाहिलं. इतकं साफ होतं सगळं. त्या जाड मशीननं काहीच लपवलं नव्हतं.

"नाई," ते म्हणाले. "काई तरास नाई दिसत."

जैबुनबीनं मान हलवली. तिनं ते खरं मानलं की नाही, हे तिच्या तोंडावरून कळायला मार्ग नव्हता. मग तिनं हात पुढं केला, हवेत चाचपला. "कुठी हाय? लावा माहा हात."

त्यांनी तिचं मनगट धरलं आणि हात टीव्हीवर टेकवला. तो नेमका पोरीच्या कपाळावर पडला. टीव्ही सकाळपासून तापलेला. जैबुनबीनं तळहात उलटा केला, आई लावते तसा मागच्या बाजूनं लावून पाहिला.

"गरमच हाय अजून," ती म्हणाली.

"टीव्ही हाय तो, जैबुन."

"मालूम हाय मले," ती म्हणाली, आणि तिनं हात काढला नाही. वाहिदभाईही तिचं मनगट धरून तसेच उभे राहिले. आतून नुजहतनं चहा झाल्याचं दोनदा सांगितलं.